दगडूला ठेवायचं कसं?

ताई, आमच्या टाकीत बारा वर्षं एक सकर मासा होता. दुकानदाराने ‘काच साफ ठेवतो’ म्हणून बोटाएवढं पिल्लू दिलं होतं. दिवसभर दगडासारखा पडून असायचा म्हणून नाव दगडू. परवाच्या मंगळवारी सकाळी तो तळाशी उलटा पडलेला दिसला. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, म्हणजे दगडू तिच्याही आधीचा. ती म्हणते, त्याला फेकायचं नाही, पुरायचं नाही, घरातच ठेवायचं. मी त्याला पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवलंय. त्या दिवसापासून सासूबाईंनी फ्रीझरमधल्या मटारला हात लावलेला नाही. एक ओळखीचे फॉर्मॅलिन आणून देतो म्हणाले, माझा भाऊ म्हणतो रेझिनमध्ये ओत, शेजारी म्हणतात सॅनिटायझरच्या बरणीत बुडव. काय करू? आणि असं करावं का?
— एक आई, नाशिक

फ्रीझरमध्ये ठेवलंत, तिथेच अर्धं काम झालं. मासा मेला की आधी पोटातून सडायला लागतो, आणि सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात ते फार झपाट्याने होतं. तो दिवसभर टाकीतच राहिला असता तर आज मी तुम्हाला पुरण्याखेरीज दुसरं काही सुचवलं नसतं. आता कसलीच घाई नाही. दगडू फ्रीझरमध्ये चार-पाच महिने सहज राहील, आणि त्याने तसं राहावं असंच माझं म्हणणं आहे. सध्या पाऊस आहे, आणि मी जे सुचवणार आहे ते पावसात होत नाही.

आधी मटारचं बघू. सासूबाईंचं काही चुकत नाही. ज्या कप्प्यात जेवणाचं ठेवतो तिथे उघड्या पिशवीत मेलेला मासा कुणालाही नकोच वाटेल. दगडूला बाहेर काढा, गार पाण्यात एकदा बुडवून लगेच वर घ्या, दोन मिनिटं पुन्हा फ्रीझरमध्ये, पुन्हा बुडवा. असं तीन-चारदा केलं की अंगावर बर्फाचा पातळ थर बसतो आणि आतली कातडी सुकून पांढुरकी पडत नाही. मग एकात एक अशा दोन पिशव्या, हवा दाबून काढलेल्या, आणि बाहेरून घट्ट झाकणाचा एक डबा, जो पुन्हा स्वयंपाकात वापरायचा नाही. वाकडा गोठला असेल तर आत्ता सरळ करायला जाऊ नका, गोठलेले पर पापडासारखे मोडतात. ज्या दिवशी काम करायचं त्या दिवशी तो वितळून आपोआप सैल पडेल.

‘असं करावं का’ असं तुम्ही विचारलंय. करावं. जिच्या जन्माआधीपासून तो मासा घरात आहे, तिला तो हातात घेऊन नीट बघावासा वाटतो, यात वेडंवाकडं काही नाही. जिवंत असताना तो तिला कधी हातात घेता आला नाही. पण पद्धत निवडताना एक गोष्ट धरून चालायची: कुठल्याही पद्धतीने आख्खा मासा राहत नाही. बरणीत आकार राहतो, रंग जातो. वाळवला तर कवच राहतं, मांस आटतं. काय राहिलं म्हणजे ‘दगडू राहिला’ असं लेकीला वाटेल, हे तिला आधी विचारा. माझा अंदाज आहे की ती त्याच्या पाठीवरचं खडबडीत चिलखत, पाठीवरचं शीड (म्हणजे तो उभा मोठा पर) आणि ते चिकटणारं तोंड सांगेल. तसं असेल तर तुम्ही सुदैवी आहात, कारण तुमच्या माशाचं नेमकं तेवढंच उत्तम टिकतं.

आता तिन्ही सल्ल्यांबद्दल.

फॉर्मॅलिन, म्हणजे प्राण्यांचे नमुने टिकवायचं द्रावण, घरात आणू नका. ओळखीचे लोक चांगल्या मनाने देत असतील, तरी नको. मी एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढली आहेत. त्या वासाने डोळ्यांतून येणारं पाणी आणि घशातली ती जळजळ मला आजही आठवते. बाटलीतल्या फॉर्मॅलिनमध्ये सदतीस ते चाळीस टक्के फॉर्मल्डिहाइड असतं. ते एक भाग आणि पाणी नऊ भाग असं पातळ करून मासे त्यात ठेवतात. पातळ केलं तरी त्यातून वायू सुटतच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. प्रयोगशाळेत वायू बाहेर खेचणारं कपाट असतं, चष्मे असतात, वापरलेलं द्रावण वेगळं गोळा होतं. तुमच्याकडे स्वयंपाकघराचा ओटा आणि बेसिन आहे, आणि बेसिनमध्ये ते ओतायचं नसतं. बरणीतलाच दगडू हवा असेल तर गोठलेल्या अवस्थेत त्याला जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात न्या आणि तिथल्या शिक्षकांना विनंती करा. बहुतेक जण लहान मुलीसोबत आलेल्या आईला नाही म्हणत नाहीत. त्यांना एवढं मात्र आठवणीने सांगा, द्रावणात चिमूटभर टाकणखार (बोरॅक्स) घाला. फॉर्मॅलिन जुनं झालं की आंबट होतं, आणि आंबट द्रावण हाडातला चुना खातं. हाडांच्याच चिलखताचा मासा त्यात ठेवणं म्हणजे जे जपायचं तेच विरघळवणं.

सॅनिटायझर नको, त्याचं कारण साधं गणित आहे. बारा वर्षांचा सकर तेरा इंचांचा धरला तर वजन साधारण चारशे ग्रॅम, आणि त्यातलं तीनशेच्या आसपास नुसतं पाणी. सत्तर टक्क्यांचं एक लिटर अल्कोहोल घेतलंत तर त्यात अल्कोहोल सातशे मिलिलिटर. माशातलं पाणी हळूहळू बाहेर येऊन त्यात मिसळलं की तेच सातशे आता तेराशेत, म्हणजे चोपन्न टक्के. एवढ्यावर पोटातलं सडणं थांबेल याचा भरवसा नाही. संग्रहालयात म्हणूनच आधी फॉर्मॅलिनमध्ये मासा घट्ट करतात, मग दिवसेंदिवस पाण्यात धुतात आणि नंतर सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. सॅनिटायझरमध्ये वर घट्टपणा आणणारा पदार्थ आणि अत्तर असतं, त्याने बरणी गढूळ होते ते वेगळंच. शिवाय काही लिटर अल्कोहोल घरात ठेवणं म्हणजे आगीला निमंत्रण.

रेझिन, म्हणजे ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणारं द्रव, फक्त पूर्ण वाळलेल्या वस्तूंसाठी. ओला मासा त्यात ओतलात तर तो काचेत बंद होऊन सडेल, आणि ते लेकीला रोज दिसेल.

आता पोटाबद्दल सांगते, कारण सगळं तिथे अडतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका विद्यार्थ्याने सुंदर काळाभोर मागूर आणून दिला होता. मी तो तसाच, पोट न उघडता, फॉर्मॅलिनच्या बरणीत सोडला. आठवड्याने तो लाकडासारखा कडक झाला, मला वाटलं जमलं. महिन्याने द्रावण गढूळ व्हायला लागलं. बरणीतून उचलला तर बोटाखाली पोट फाटलं आणि आतून जे आलं ते सांगण्यासारखं नाही. द्रावणाने बाहेरचं मांस घट्ट केलं होतं, आणि त्याच घट्ट भिंतीमागे आतडी निवांत सडत होती. तेव्हापासून माझ्या हातातून एकही मासा पोटाला चीर दिल्याशिवाय बरणीत गेला नाही. बरणीत ठेवायच्या माशाला चीर उजव्या कुशीला द्यायची. डावी बाजू जशीच्या तशी ठेवायची, कारण माशाचं चित्र आणि फोटो डावीकडून काढायची रीत आहे.

हेच जगातल्या सगळ्यात गाजलेल्या माशाच्या बाबतीत घडलं आहे. २२ डिसेंबर १९३८ ला दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडन बंदरावर मार्जोरी कोर्टने-लॅटिमर या तरुण संग्रहालय अधिकारी बाईंना बोटीवरच्या ढिगात एक निळसर, दीड मीटर लांब, सत्तावन्न किलोंचा मासा दिसला. डायनोसॉरांच्या काळातच संपला असं सगळे धरून चालले होते, तो सीलाकांथ. त्यांना ते माहीत नव्हतं, पण हा मासा वेगळा आहे एवढं कळलं होतं. टॅक्सीत घालून त्यांनी तो नेला. शवागाराने ठेवून घ्यायला नकार दिला, शीतगृहाने दिला. उन्हाळा होता, तिकडे डिसेंबरात उन्हाळा असतो. शेवटी फॉर्मॅलिनमध्ये भिजवलेल्या कापडांत आणि वर्तमानपत्रांत गुंडाळून त्यांनी तो ठेवला. काही दिवसांत कळलं की फॉर्मॅलिन आत पोचलेलंच नाही. मग कातडी काढून तो पेंढा भरून उभा केला, आणि आतले अवयव गेले. मासे-तज्ज्ञ जे. एल. बी. स्मिथ फेब्रुवारीत येऊन बघेपर्यंत बाहेरचा आकारच शिल्लक होता. तेवढ्यावरूनही त्यांनी तो ओळखला आणि बाईंच्या नावावरून लॅटिमेरिया हे नाव दिलं. त्या बाईंकडे त्या वेळी पुरेसा मोठा एक फ्रीझर असता तर काय झालं असतं, हे माझ्या मनात नेहमी येतं.

तर दगडू वाळवायचा. मी हे ठामपणे सांगते, कारण सकरचं अंग त्यासाठीच बनल्यासारखं आहे. रोहू-कटल्याला खवले असतात. मांजरमाशांना, म्हणजे आपला मागूर, शिंगी, समुद्रातला शिंगाळा यांना, खवले नसतात. कातडी उघडी, गुळगुळीत. पण दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या सकरच्या कुळाने अंगावर हाडाच्या फरशा चढवल्या आहेत. रांगेत बसवलेल्या, कौलांसारख्या एकावर एक. वाळताना बाकीचे मासे सुरकुतून चिमटतात. हा आपल्या चिलखतात उभा राहतो. म्हणूनच त्याला पुरून नंतर सांगाडा काढायचा विचार करू नका. मांस गेलं की त्या फरशा सुट्या होतात आणि तुमच्या हातात मूठभर कपच्या येतात. सांगाडा करायचाच तर शिंगाळ्याच्या कवटीचा करावा. ती खालून बघितली तर क्रूसासारखी दिसते, हलवली तर कानातले दगड आत खुळखुळतात, आणि कॅरिबियन किनाऱ्यावर लोक त्या रंगवून विकतात. दगडूचं तसं होणार नाही.

दिवाळी होऊ द्या. नाशिकची कोरडी थंडी या कामाला इतकी चांगली आहे की कोकणातल्या माझ्या बहिणीला मी हे कधी सुचवलं नसतं. आदल्या रात्री डबा फ्रीझरमधून खाली फ्रीजच्या कप्प्यात ठेवा, सकाळी तो वितळलेला असेल. जुनी वर्तमानपत्रं पसरा. रबरी हातमोजे तुम्हीही घाला आणि लेकीलाही द्या. हे नुसतं वासासाठी नाही. माशांच्या टाकीत क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतला एक जंतू असतो, तो बोटावरच्या चिरेतून शिरला तर महिनोन् महिने न भरणारी गाठ होते. शिवाय सकरच्या छातीजवळच्या परांचा पहिला काटा कानशीसारखा खरखरीत असतो.

पहिल्यांदा छापा घ्या. जपानी कोळी एकोणिसाव्या शतकापासून पकडलेल्या माशाला शाई लावून कागदावर त्याचा ठसा घेत आले आहेत, त्याला ते ग्योताकु म्हणतात. ग्यो म्हणजे मासा, ताकु म्हणजे ठसा. दगडूला तुरटीच्या पाण्याने हलकेच धुऊन अंगावरचा बुळबुळीतपणा काढा, कापडाने टिपा, थर्माकोलवर झोपवून पर टाचण्यांनी पसरा. काळी पाण्याची शाई मऊ ब्रशने डोक्याकडून शेपटीकडे लावा, डोळा सोडून. वर पातळ हातकागद टाकून बोटांनी दाबत जा. लेकीलाच करू द्या. फरशांची एकेक ओळ, परांचा एकेक काटा कागदावर उतरतो, आणि पहिले दोन छापे बिघडले तरी तिसरा येतो. शाई धुऊन जाते. मला विचाराल तर सगळं बिघडलं आणि हा एवढा कागद राहिला, तरी बारा वर्षांच्या सोबतीची ती खरी खूण आहे, कारण त्याच्या अंगाने स्वतः उमटवलेली आहे.

याच वेळी पाठीवरच्या शिडातले काटे मोजायला सांगा तिला. दहा किंवा जास्त भरले तर तो शीडवाला सकर, शास्त्रीय भाषेत टेरिगोप्लिक्थिस. सात-आठच भरले तर त्याचा चुलतभाऊ हायपोस्टोमस. दुकानात दोन्ही एकाच नावाने विकतात. आणि डोळा जवळून बघा. बुबुळाच्या मध्यावर वरून एक लहानसा पडदा लोंबतो, उजेडात तो पसरतो आणि बाहुली कमानीसारखी होते. काचेतून बारा वर्षांत हे तुम्हाला दिसलं नसेल. डोळा मात्र टिकणार नाही, तेव्हा फोटो आत्ताच काढून ठेवा.

मग पोट. उताणा ठेवा, छातीच्या परांपासून गुदद्वारापर्यंत मधोमध धारदार ब्लेडने उथळ चीर द्या. हे काम तुमचं, लेकीचं नाही. आतलं आतडं बघून दोघी थबकाल. ते लांबच लांब, गोल गोल गुंडाळलेलं, हुबेहूब चकलीसारखं असतं. शेवाळ खाणाऱ्या माशाला पचवायला तेवढी लांबी लागते. शेजारी पातळ पडद्याची पिशवी दिसेल, ते त्याचं जठर. पाण्यात प्राणवायू कमी पडला की तो वर येऊन हवा गिळायचा ना, ती हवा याच पिशवीत शोषली जायची. म्हणूनच वीज गेली तरी सकर तगतो आणि बाकीचे मासे मरतात. हे सगळं आणि दोन्हीकडचे कल्ले चिमट्याने काढून एका कागदात गुंडाळा. टाकू नका, त्याचं पुढे सांगते. शेपटीकडचं मांस आतून चमच्याच्या दांड्याने जमेल तेवढं खरवडा, आणि शेपटीच्या खालच्या बाजूने फरशांच्या जोडांतून दाभणाने आठ-दहा भोकं पाडा.

यापुढचं काम कोळीवाड्यात कुणीही डोळे मिटून करतं. वेसाव्याला बांबूंच्या वलांडीवर बोंबील टांगलेले तुम्ही पाहिले असतील. मोठा मासा असला की तो आधी खारवतात. तेच करा. एक पसरट प्लास्टिकचा डबा, तळाशी बोटभर जाडं मीठ, त्यावर दगडू, पोटात मीठ गच्च भरून, वर पुन्हा मीठ. झाकण लावून सावलीत. दोन दिवसांनी मीठ ओलं चिकट झालेलं दिसेल, ते फेका आणि नवं घाला. मीठ कोरडं राहायला लागलं की काम झालं, साधारण दहा-बारा दिवस.

मग साध्या पाण्यातून पटकन धुऊन काढा. मीठ अंगावर राहिलं तर पुढच्या आषाढात दगडूला घाम फुटेल. मीठ हवेतलं पाणी ओढतं. टिपून घ्या, पोटात कापूस आणि टाकणखार भरा, चीर जाड दोऱ्याने चार टाक्यांत शिवा. टाकणखाराने किडे दूर राहतात. पण तो तुमच्या किंवा लेकीच्या तोंडात जाऊ नये, हात धुवायला विसरू नका. आता थर्माकोलवर त्याला हवं तसं बसवा. लेकीला ठरवू द्या; बहुतेक ती काचेला चिकटल्यासारखा म्हणेल. शीड उभं करून दोन बाजूंनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या टाचण्यांनी लावा, नाहीतर ते वाळताना गुंडाळतं. एकदा वाळलं की बदलता येत नाही.

सावलीत, पंख्याखाली, तीन-चार आठवडे. ऊन नको, उन्हात तेल सुटून अंग पिवळं पडतं आणि पर तडकतात. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मांजर असेल तर खोलीचं दार बंद. पहिला आठवडा घरात सुकटीसारखा वास येईल, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, बाल्कनी असेल तर जाळी लावून तिथेच वाळवा. पूर्ण वाळल्यावर तो टिचकी मारली की लाकडासारखा वाजतो. तेव्हा पुन्हा पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. अंडी घातलेली असतील तर ती मरतात, संग्रहालयातही हेच करतात. नंतर डोळ्यांच्या खोबणीत काळे मणी, अंगावर बिनरंगी वॉर्निशचा पातळ हात, आणि काचेच्या बंद पेटीत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या दर पावसाळ्याआधी बदला.

रंगाबद्दल लेकीला खोटी आशा दाखवू नका. तो तपकिरी होईल, ठिपके पुसट दिसतील, अंग थोडं आखडेल. संग्रहालयात ताजे टवटवीत दिसणारे मासे असतात ते रंगवलेले असतात, कित्येकदा तर ते मूळ माशावरून काढलेले साचेच असतात. तिला रंगवायचा असला तर फोटो समोर ठेवून ॲक्रिलिकने रंगवू द्या. मी रंगवत नाही. मला खरा उरलेला रंग आवडतो.

मला सगळ्यात जास्त काळजी चिठ्ठीची वाटते. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे; अशा कुठल्याही संग्रहात बरणीत मासा असतो तशी एक चिठ्ठी असते, कुठून आला, कधी, कुणी आणला. चिठ्ठी हरवलेला मासा कितीही छान टिकला तरी तो नुसता एक मासा असतो. दगडूची चिठ्ठी लेकीने स्वतःच्या अक्षरात, जाड कागदावर, पेन्सिलने लिहावी. शाई पसरते, पेन्सिल शंभर वर्षं राहते. कुठल्या महिन्यात कुठल्या दुकानातून आणला, तेव्हा केवढा होता, टाकी केवढी होती, काय खायचा (काकडी आवडायची का दोडका, हे लिहाच), कधी गेला. लांबी तोंडापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजायची, शेपटी धरायची नाही, कारण शेपटीची टोकं झिजतात. वजन स्वयंपाकघराच्या काट्यावर, पिशवीसकट करून पिशवीचं वजा करा.

आता तो बाजूला ठेवलेला कागद. सासूबाईंना विचारा की घराजवळ कुठे झाड आहे का, आणि ते आतडं-कल्ले त्यांच्या हाताने तिथे पुरू द्या. दीड फूट खोल, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. मेलेल्या जिवाला मातीत द्यावं, असं त्यांना वाटत असेल तर ते बरोबर आहे, आणि खरं म्हणजे दगडूतलं जे जिवंत होतं, खाणारं, पचवणारं, श्वास घेणारं, ते सगळं त्याच कागदात आहे. पेटीत उरेल ते चिलखत. नातीला हवं ते नातीला मिळेल आणि आजीला हवं ते आजीला, कुणी कुणाला हरवण्याची गरज पडणार नाही. लेकीला तिथे उभं राहायचं असेल तर राहू द्या. रडली तर रडू द्या.

टाकीचं राहिलंच. एवढा मासा रात्रभर मरून पडला तर पाण्यात अमोनिया वाढतो. बाकीचे मासे वर येऊन तोंड मिटत-उघडत असतील तर आजच एक तृतीयांश पाणी बदला, दोन दिवसांनी पुन्हा. आणि दुकानात पुन्हा बोटाएवढं पिल्लू दिसलं तर ते तेरा-चौदा इंचांचं होणार आहे हे लक्षात ठेवून मगच घ्या. टाकीत मावेना म्हणून लोक सकर नदीत सोडतात, आणि आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत हेच मासे येतात, जाळी फाडतात आणि विकले जात नाहीत. गोदावरीला तुमच्या घरून तसं काही जायला नको.

दिवाळीनंतर फ्रीझर उघडाल तेव्हा मला कळवा. डोळे खोल गेलेत का, पोट दाबल्यावर घट्ट लागतं की मऊ, एवढं लिहा. पोट मऊ आणि हिरवट लागलं तर वाळवायचा नाद सोडून फक्त छापा घेऊन आख्खाच पुरावा लागेल, आणि तसं झालं तर लेकीला काय सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.